तिस्वाहिनची जीभ

सतूतेची सीट उचलली की मालकाच्या घराची कळा कळते. अठ्ठावीस वर्षं मी बॅटऱ्यांचा उस्ता, म्हणजे मिस्त्री, म्हणून सीटा उचलतोय आणि अजूनही प्रत्येक वेळी आधी श्वास रोखून धरतो.

सतूता म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून लोखंडी हौदा, अशी तीन चाकांची गाडी. आमच्या कुर्नात निम्मं गाव तिच्यावर पोट भरतं. मासे, वीट, बर्फ, गॅसच्या टाक्या, नवरीचं सामान, सगळं तिच्यातून जातं. आणि ज्या बॅटरीवर ती चालू होते ती बिचारी ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याच्या पेटीत बसलेली असते. तिथे हे लोक काय काय ठेवतात! सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. माशांचे खवले. घाम पुसलेली फडकी. एकदा अर्धा खाल्लेला कबाब निघाला, त्याला केस फुटले होते. चोरीच्या भीतीने कित्येकजण पेटीवर पट्टी वेल्डिंग करून टाकतात. मग महिन्याला पाणी घालायला ती पट्टी कोण कापणार? कोणी नाही. बॅटरी कोरडी पडून मेली की मग "उस्ता, तुझा माल वाईट" म्हणून माझ्याच दारात बोंब.

आणि चरबी! कोणा शहाण्याने यांच्या डोक्यात भरवलंय की टर्मिनलवर मेंढीच्या शेपटीची चरबी फासली की गंज धरत नाही. ग्रीस मिळतं, माझ्याच दुकानात मिळतं, पण नाही. चरबीच हवी. मग ती चाटायला उंदीर येतात, चरबीबरोबर वायरचं रबरही खातात आणि तिथेच लेंड्या टाकतात. उन्हाळ्यात त्या पेटीचं झाकण उघडणं म्हणजे काय ते माझं मला ठाऊक.

मी, चासिब, स्वच्छ माणूस आहे. दुकानाची फरशी दिवसातून दोनदा धुतो. हात पुसायला एक फडकं, अवजारांना दुसरं, काउंटरला तिसरं, प्रत्येकाचा खिळा वेगळा. बाजारातली पोरं मागून मला "दुल्हन" म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी.

हे सगळं सांगायचं कारण तिस्वाहिन.

या नावाचा अर्थ 'त्या साऱ्याजणींना पुरून उरणारी'. तीन मुलींवर चौथी मुलगी झाली तेव्हा नाक मुरडणाऱ्या आईच्या जावांच्या नाकावर टिच्चून आजोबांनी ते ठेवलं, असं ती सांगायची. बाजारात तिला थोरल्या मुलावरून उम्म घानिम, म्हणजे घानिमची आई, म्हणतात. साठीची बाई. हनुवटीवर निळं गोंदण, अंगावर काळा अबाया, त्याची खालची कड कायम ओली आणि त्या कडेला चिकटलेलं काहीतरी, जे मी कधी निरखून पाहिलं नाही. पाणथळीच्या काठावर बोरूच्या झोपड्यात राहायची. तिच्याकडे बावीस म्हशी होत्या. मग एका उन्हाळ्यात नदी आटली, समुद्राचं खारं पाणी उलटं वर चढलं आणि म्हशी ते प्यायल्या. आधी त्यांचे डोळे गेले. आंधळ्या म्हशी पाण्यात उभ्या राहून हंबरायच्या, त्यांना काठ सापडायचा नाही. अकरा मेल्या. उरलेल्यांतली एक विकून तिने सतूता घेतली, कारण गैमर विकायचं तर रोज पहाटे गावात पोचायला हवं.

गैमर म्हणजे म्हशीच्या दुधाची जाड साय. संध्याकाळी दूध मंद आचेवर ठेवायचं, रात्रभर निवू द्यायचं, पहाटे वरचा थर घडी घालून परातीत काढायचा. ऊन चढायच्या आत तो ताटात पडला पाहिजे, नाहीतर आंबतो. तिची आई हाजी मिझबानच्या न्याहारीच्या दुकानाच्या पायरीवर बसायची, आईनंतर ती बसू लागली. तिची परात हाजीच्या दुकानात रिकामी व्हायची. गरम रोटी, गैमर, वर खजुराचा पाक. अख्ख्या बाजाराचा दिवस तिथे सुरू व्हायचा.

माझा नाही व्हायचा. माझी न्याहारी घरून डब्यात येते.

आता खरं ते सांगतो. सतूता घेतल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती बाई आठवड्यातून एकदा तरी माझ्यासाठी वाटीभर गैमर आणायची. "उस्ता, तुमच्यासाठी ठेवलं," म्हणून काउंटरवर ठेवायची. आणि मला तिची नखं दिसायची. त्या नखांत शेण असायचं. गोवऱ्या थापणाऱ्या हाताच्या नखांत शेण नाही तर काय अत्तर असणार?  तरी ती वळली की मी वाटी दोन बोटांनी उचलून दुकानामागे मांजरांपुढे ठेवायचो आणि मग काउंटर पुसायचो. मांजरं गुबगुबीत झाली होती.

तिची सतूता तिचा धाकटा भाऊ शनावा चालवायचा आणि ती मागे परात मांडीवर धरून बसायची. शनावाइतका घाणेरडा ड्रायव्हर मी पाहिला नाही. गेल्या वर्षी त्यांच्या दोन बॅटऱ्या मेल्या. दोन्ही वेळा सीट उचलली तेव्हा आत चरबी, लेंड्या, वाळकं शेण आणि झुरळांची पिलावळ. या वर्षी वसंतात तिसरी मेली. गाडीची किक केव्हाच तुटलेली, ती फक्त बटणावर चालू व्हायची आणि बॅटरी मेली की चिखलात तशीच उभी.

मी झाकणं उघडून आत टॉर्च मारला. प्लेटांचा भुगा झाला होता, तळाला पांढरट गाळ.

"उम्म घानिम, खरं सांगा, यात काय ओतलंत?"

"तुम्ही दिलेलं बाटलीतलं पाणी. दुसरं काय ओतणार, चहा?"

"चहा ओतला असता तरी बरं झालं असतं! हे मीठ आहे, मीठ! नळाचं पाणी ओतता तुम्ही लोक. नाहीतर पाणथळीतलं. जिथे म्हशी मुततात ते!"

"अल्लाची शपथ, उस्ता, तुमच्याच बाटलीचं."

"उस्ता, उन्हाळा लवकर आला हो यंदा..." शनावा मध्येच बोलला.

"तू गप. तुझ्या सीटखाली झुरळांचं बाळंतपण चाललंय आणि म्हणे उन्हाळा!"

हे मी दुकानात नाही, भर रस्त्यात ओरडलो. पलीकडे सतूतावाले उभे होते. ते हसले. एकाने म्हशीसारखा आवाज काढला. तिस्वाहिनने अबाया तोंडावर ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, "हाजी मिझबानने सांगितलंय. वर्षभरात आठ वेळा उशीर झाला. आणखी एकदा झाला तर तो कारखान्याची डब्यातली साय घेणार आणि पायरी दुसरीला देणार. आईची पायरी आहे ती, उस्ता. भावाचं जाऊ द्या, त्याला अक्कल नाही. मला शिकवा."

"तुम्हाला?"

"का? बॅटरीला काय मिशा लागतात?"

मला हसू आलं नाही, पण मी शिकवलं. लांबूनच शिकवलं, हे कबूल करतो. सीटची कडी कशी सोडायची. आधी काळी वायर काढायची, मग लाल. लावताना आधी लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने टर्मिनल घासायचं, कोरडं करायचं, वर ग्रीसचा पातळ हात. पट्टा घट्ट आवळायचा, कारण बॅटरी हादरली की आतून तुटते. सहा झाकणं उघडून पाणी वरच्या रेघेपर्यंत, रेघेच्या वर थेंब नाही. आणि पाणी फक्त सीलबंद बाटलीतलं. तिने एकदा ऐकलं, एकदा करून दाखवलं आणि नवी बॅटरी बसवून, माझ्याकडून चार बाटल्या घेऊन गेली.

त्या बाटल्यांबद्दल सांगायला हवं. आधी मला बॅटरीचं पाणी देणारा म्हातारा गेल्या वर्षी वारला. त्याच्या बाटल्या कळकट असायच्या, झाकणं ढिली. मग मुनाफ नावाचा एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात नमुना. निळं लेबल, काचेसारखी बाटली, झाकणावर चकचकीत सील. मी ती उजेडात धरून पाहिली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. शेवटी एक स्वच्छ माणूस भेटला, असं मी बायकोला घरी जाऊन सांगितलं. तेव्हापासून माझ्या दुकानात तेच पाणी. कोणी एसीचं टपकणारं पाणी बॅटरीत घालतो म्हणाला की मी त्याला हाकलायचो. गटारातलंच घाला की, म्हणायचो.

अडीच महिने गेले. ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी, ऊन चांगलं चढल्यावर, भाड्याच्या पिकअपला दोरीने बांधलेली ती सतूता माझ्या दारात आली. मागे हौद्यात तिस्वाहिन बसलेली. मांडीवर परात. परातीवरचं फडकं पिवळं पडून ओलं झालेलं आणि दहा पावलांवरून तो आंबूस वास. माश्या तर अशा की फडकं हलत होतं. मी नाकाला हात लावला.

ती खाली उतरली. "हाजीने घेतलं नाही. म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस."

एवढंच म्हणाली आणि परात माझ्या फरशीवर ठेवली. मी आधी फरशीकडे पाहिलं. हे लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण मी आधी फरशीकडेच पाहिलं.

मग चिडून सीट उचलली. आतली घाण दाखवून तिला आणि तिच्या त्या भावाला पुन्हा एकदा चार शब्द सुनवायचे, म्हणून तोंड आधीच उघडलं होतं. आणि आत काही नव्हतं. पेटी पुसलेली. टर्मिनल चकाकत होतं, वर ग्रीसचा पातळ हात. पट्टा आवळलेला. उंदीर येऊ नये म्हणून वायरींना बोरूची पोकळ नळी चढवलेली, हे मी शिकवलंही नव्हतं. माझ्या स्वतःच्या गाडीची पेटी इतकी स्वच्छ नाही.

झाकणं उघडली. पाणी बरोबर रेघेवर. आणि खाली तोच भुगा, तोच पांढरट गाळ.

माणूस किती नीच असतो पाहा. मी म्हणालो, "वरून पुसून काय उपयोग? आत खारं पाणीच ओतलंत ना शेवटी."

शनावा काही बोलणार होता. तिने हाताने त्याला थांबवलं. माझ्या फळीवरच्या निळ्या लेबलांच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक बाटली खाली काढा."

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

मी काढली. तिने सील तोडलं, त्याच नखांनी, तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि जीभ लावली. डोळे मिटले. क्षणभर तोंडात घोळवलं आणि माझ्या धुतलेल्या फरशीवर थुंकली.

"खारं," ती म्हणाली.

"काहीतरीच! सीलबंद आहे ते. कारखान्याचं पाणी."

"अरे, माझी आई पहाटे होडीतून उतरून पाणी चाखायची आणि मगच म्हशी सोडायची. मी सात वर्षांची असल्यापासून चाखतेय. एकदाच, त्या उन्हाळ्यात, मी तापाने पडले होते आणि या शनावाने न चाखता म्हशी सोडल्या. अकरा गेल्या. तू मला खारं शिकवतोस?" आतापर्यंत ती मला तुम्ही म्हणायची. "हे कुर्नाच्या नळाचं पाणी आहे, चासिब. माझी म्हैस याला तोंड लावणार नाही."

तिला खोटं पाडायचं म्हणून मी चहाचं भांडं घेतलं. घासून घेतलं, दोनदा. त्यात बाटली ओतली आणि शेगडीवर ठेवलं. शुद्ध पाणी आटलं की भांडं कोरडं राहतं, मागे काही उरत नाही. आम्ही तिघं त्या भांड्याभोवती उभे राहिलो. पाणी आटत गेलं. कडेला आधी एक पांढरी रेघ उमटली, मग दुसरी, आणि शेवटी तळाला पांढरी पापडी धरली. मी बोटाने खरवडून जिभेवर ठेवली. तोंड कडू-खारट झालं.

वर्षभर. वर्षभर मी हे विष सगळ्या बाजाराला विकलं होतं. माझ्या दारात किती बॅटऱ्या मेल्या, आणि प्रत्येकाला मी म्हटलं होतं, तुम्ही घाणेरडे आहात. ते घाणेरडे होतेच, म्हणून मला कधी शंका आली नाही. आणि मी तरी काय केलं? बाटली चकचकीत आहे एवढं पाहिलं. झाकण उघडून साधं बोट बुडवलं नाही. मुनाफचा राग नंतर आला. आधी मला माझ्या फडक्यांची किळस आली, त्या वेगवेगळ्या खिळ्यांची.

"नवी बॅटरी बसवून देतो," मी म्हणालो. "आत्ता. पाणी एसीचं घालतो, आधी तुम्ही चाखा."

मागच्या भिंतीला एसीच्या नळीखाली शेजाऱ्याने झाडांसाठी बादली ठेवलेली असायची. तिने ते चाखलं. "गोड," म्हणाली.

"म्हणजे झालं तर. पहाटे गाडी चालू होईल."

"चालू होऊन जाईल कुठे?" ती म्हणाली. "पायरी गेली माझी."

"मी हाजीशी बोलतो. दुपारी, तो एकटा असतो तेव्हा..."

"दुपारी?" ती परात उचलायला वाकली होती ती सरळ झाली. "तू माझ्यावर ओरडलास तेव्हा रस्ता रिकामा होता का? म्हशी मुततात ते पाणी, म्हणालास. त्या टोळक्यातला एक हंबरला, ते मी ऐकलं. चुकलं तर न्याहारीच्या वेळी ये, आणि सांग. नाहीतर नको सांगूस, मी गोवऱ्या विकीन."

"उम्म घानिम, माझं दुकान बसेल."

"माझं आजच बसलं," ती म्हणाली आणि ती नासलेली परात घेऊन सतूतेत जाऊन बसली.

मी नवी बॅटरी बसवून त्यांना वाटेला लावलं आणि सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. मुनाफला फोन लावला, तो लागला नाही. पुढेही कधी लागला नाही. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, तोंडाला चव नाही. खरं तर चव होती, तीच तर जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाजी मिझबानच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. बाकं भरलेली, सगळे सतूतावाले, कोपर टेकून, बोटं चाटत. मला पाहून एकजण ओरडला, "अरे, दुल्हन आली! फडकं आणलंस का बसायला?" हशा पिकला. बाहेर पायरीच्या खाली, रस्त्यावर, तिस्वाहिन परात घेऊन उभी होती. गाडी वेळेवर चालू झाली होती. हाजी तिच्याकडे पाहत नव्हता. त्याच्या काउंटरवर डब्यांची चळत रचलेली होती.

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"हाजी, या बाईला उशीर झाला तो माझ्यामुळे. तिने बॅटरीत माझ्याच बाटलीतलं पाणी घातलं. ते पाणी खारं होतं. ते मी वर्षभर तुम्हा सगळ्यांना विकलं. तुमच्या बॅटऱ्या त्याने मेल्या आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या. हिला सगळ्यांत जास्त दिल्या. हिची पेटी माझ्या दुकानापेक्षा स्वच्छ आहे."

 एकाने हातातली रोटी खाली ठेवली. मग एकदम सगळेच बोलू लागले, आणि ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईपर्यंत गेले. जो हंबरला होता तोच सगळ्यांत मोठ्याने. मी ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

हाजी मिझबान म्हातारा माणूस, सगळं ऐकून झाल्यावर त्याने हात वर केला. "त्या पाण्यात खोट आहे हे धरलं कोणी?"

"हिने. चाखून."

हाजी उठला, डब्यांची चळत काउंटरखाली सरकवली आणि बाहेर पाहून म्हणाला, "उम्म घानिम, ऊन लागतंय गैमरला. आत आण."

ती आत आली. पायरीवर बसली, आईच्या जागी. परातीवरचं फडकं काढलं. हाजीने एक ताट पुढे केलं आणि ती सायीची घडी कापू लागली. पहिलं ताट त्याने माझ्यासमोर ठेवलं.

"माझी न्याहारी घरून..." मी म्हणालो.

"खा," हाजी म्हणाला.

सगळे बघत होते. सायीच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. मी तिच्या हाताकडे पाहिलं. नखांत तेच होतं, जे सहा वर्षं होतं. माझा हात ताटावरून मागे येत होता, ती सवय एका दिवसात जात नाही. मी रोटीचा तुकडा तोडला, साय उचलली आणि तोंडात घातली.

तिस्वाहिन सुरी थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी गिळतो का थुंकतो ते.

मी गिळली. गोड होती.

"मांजरांना आवडायची," ती म्हणाली आणि दुसरं ताट कापायला घेतलं.